अज्ञातवासी केळकर आणि आमचा अडकित्ता

दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले, की चरित्राची पाने माझ्याकडे येतात. आजवर मी जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई आणि रमाबाई रानडे यांच्यावर यथाशक्ति लिहिले आणि आपण सर्व भगिनींनी ते गोड मानून घेतले. यंदा मात्र मी पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे नाव सांगितले, तेव्हा संपादक भगिनी जरा थबकल्या. महिला मंडळाच्या स्मरणिकेत एका चष्मेवाल्याचे चरित्र कशासाठी, असे त्यांना वाटले असावे. त्याचे उत्तर माझ्या घरातल्या एका स्टीलच्या डब्यात आहे. तेव्हा आधी त्या डब्याची हकीकत सांगते आणि मग केळकरांकडे वळते.

आमच्या सासूबाईंचा एक पितळी अडकित्ता होता. त्यांच्या माहेरहून रुखवतात आलेला. दोन्ही दांड्यांच्या टोकांशी एकेक पोपट, आणि अडकित्ता मिटला की पोपटांच्या चोची एकमेकींना लागत. जेवणे आटोपली, की सासूबाई भिंतीला पाठ टेकून बसायच्या, पानपुडा पुढे ओढायच्या आणि न बघता सुपारी कातरायच्या. त्या गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी दिवाळीची आवराआवर चालली असताना दारात भांडेवाली आली. घरात सुपारी खाणारे कोणी उरले नव्हते. एक फुटका गुंड, एक कोपर आणि तो अडकित्ता असे सारे मी तराजूत घातले आणि झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा घेतला. सौदा चांगला झाला म्हणून त्या दिवशी मला समाधानच वाटले होते. तो डबा अजून आहे. त्यात मी डाळीचे पीठ ठेवते.

पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते. बारसे पार पडले, थोडी उसंत मिळाली, तेव्हा जावईबापूंनी मला शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायला नेले. संग्रहालय म्हटले की आपल्याकडच्या माणसाला नागपूरचा अजब बंगला आठवतो. १८६३ साली निघालेला तो बंगला मी लहानपणी पाहिला होता. त्या आठवणीने मला वाटले, इथेही दगडी मूर्ती, ढाली-तलवारी आणि पेंढा भरलेले वाघ असतील. मूर्ती आणि शस्त्रे तिथेही आहेत. पण एका कपाटापाशी मी उभी राहिले ती हलेना. काचेआड ओळीने अडकित्ते मांडले होते. घोड्याचे, मोराचे, स्त्री-पुरुषांच्या जोडीचे, साधे, नक्षीचे. मी जी वस्तू किलोच्या भावाने दिली, तिच्या जातीच्या वस्तूंना इथे काच होती, कुलूप होते, वर दिवा होता आणि पहारेकरी होता. जावईबापूंना वाटले मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिले. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून हे सारे गोळा करणारा माणूस कोण, हे शोधण्याचा मला नाद लागला.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर भिंग चढवायचे, दांडी कानाशी नीट बसते की नाही ते पाहायचे, पैसे घ्यायचे, असा तो व्यवसाय. दिवसभराचे हे काम म्हणजे त्यांची लोकांना दिसणारी बाजू. दुसरी बाजू कवितेची. ती त्यांनी टोपणनावाआड ठेवली. केळकरांनी कविता लिहिल्या त्या अज्ञातवासी या नावाने. त्या काळी टोपणनाव घेण्याची चालच होती. गडकरी गोविंदाग्रज झाले, ठोंबरे बालकवी झाले, विडंबने करताना अत्रे केशवकुमार झाले. पण बाकीच्यांच्या नावांत काहीतरी मिरवण्याजोगे असते. या नावात नुसते लपणे आहे. पांडव विराटाच्या घरी राहिले तो अज्ञातवास. तिथे भीम स्वयंपाकी झाला आणि द्रौपदी राणीची वेणीफणी करणारी सैरंध्री झाली. केळकरांनी हे नाव कोणत्या विचाराने घेतले असेल ते असो. पण पुढे त्यांनी उभे आयुष्य ज्या वस्तूंमागे घालवले त्या विराटाच्या मुदपाकखान्यात आणि सुदेष्णेच्या अंतःपुरातच शोभाव्यात, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

तिसरी बाजू सुरू झाली ती १९२० च्या सुमारास. केळकरांचे वय तेव्हा चोवीस-पंचवीस. जुन्या वस्तू जमवण्याचा त्यांना छंद लागला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणा. इतिहासाचे वेड पुण्याला होतेच. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीच स्थापन झाले होते. राजवाड्यांसारखे लोक गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत होते. मुंबईचे मोठे वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांना खुले झाले. पण या साऱ्यांना जे हवे होते ते कागद, नाणी, ताम्रपट, मूर्ती आणि राजेरजवाड्यांच्या चिजा. कोणा सरदाराने पेशव्यांना लिहिलेले पत्र मोलाचे. ते पत्र ज्या दिव्याच्या उजेडात लिहिले तो दिवा, ज्या दौतीत बोरू बुडवला ती दौत, लिहिता लिहिता तोंडात टाकलेल्या सुपारीचा अडकित्ता, यांना मोल नाही. केळकरांनी नेमक्या याच वस्तू उचलल्या. दिवे, दौती, कुलपे, फण्या, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, सोंगट्या आणि गंजिफा, बाहुल्या, किसण्या, झारे, शेवयांचे साचे, वाद्ये, कोरीव दरवाजे. पाय घासायच्या वज्रीसुद्धा.

वज्रीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण आपल्या मंडळातल्या तरुण मुलींना ती ठाऊक नाही. न्हाणीत टाचा घासायला आपण खापराचा तुकडा किंवा खरबरीत दगड वापरतो. त्याच कामाची, भाजलेल्या मातीची किंवा धातूची, खालून खरखरीत आणि वरून हातात धरता येईल अशी वस्तू म्हणजे वज्री. हातात धरायच्या भागाला कोणी मोर केला, कोणी हत्ती, कोणी घोडा. काहींच्या पोटात खडे घातलेले असत, म्हणजे पाय घासताना त्या खुळखुळ वाजत. आता विचार करा. न्हाणीचे दार लावलेले, आत एकटी बाई, टाचांच्या भेगा घासायचे काम. हे कोण बघणार होते? कोणासमोर मिरवायचे होते? तरीही कुणा कारागिराला वाटले की तिच्या हातात मोर असावा आणि तिला थोडे वाजलेले ऐकू यावे. आणि शेदोनशे वर्षांनी पुण्यातल्या एका चष्मेवाल्याला वाटले की ही वस्तू मोडीत जाऊ नये. मला तरी या दोघांत वेडा कोणाला म्हणावे ते ठरवता येत नाही.

लोकांनी मात्र ते ठरवले असणार. चांगला चालता धंदा असलेला माणूस सुट्टी साधून खेड्यापाड्यांत जातो, जुन्या बाजारात बसतो, मोडीच्या ढिगात हात घालतो आणि काळवंडलेली पितळ घेऊन घरी येतो, त्याला आपल्याकडे काय म्हणतील हे आपण जाणतोच. शिवाय यात पैसा जातो, परत येत नाही. दारूचे व्यसन परवडले, निदान ते लपवता तरी येते, असे म्हणण्याची पाळी. कारण या छंदाला जागा लागते. करंडा मुठीत लपेल, दरवाजा कुठे लपवणार? केळकरांनी तर पुढे याहून मोठा व्याप केला. कोथरूडला पहिल्या बाजीरावाच्या मस्तानीचा महाल होता. त्याचे उरलेले अवशेष त्यांनी आणले आणि संग्रहात तो महाल पुन्हा उभा केला. आज संग्रहालयात तो पाहायला मिळतो. बाईमाणसाच्या दृष्टीने बोलायचे तर ज्या मस्तानीला पेशव्यांच्या घरात धड जागा मिळाली नाही, तिचा महाल तेवढा केळकरांच्या घरात मावला.

वस्तू मिळत होत्या, कारण घरे रिकामी होत होती. हे जरा समजून घेण्याजोगे आहे. विजेचे दिवे आले आणि समया, लामणदिवे, ठाणवया अडगळीत गेल्या. ॲल्युमिनियम आले, मग स्टील आले, आणि कल्हईची कटकट नको म्हणून तांब्यापितळेची उतरंड उतरली. दुसऱ्या महायुद्धात धातूचे भाव चढले. स्वातंत्र्यानंतर इनामे आणि वतने गेली, मोठे वाडे विकले जाऊ लागले आणि त्यांच्या माजघरांतल्या पेट्या बाहेर आल्या. ज्या काळात घरोघरच्या बायका, आणि त्यांत माझ्यासारख्याही, सुटकेचा श्वास टाकीत हे सामान दाराबाहेर काढीत होत्या, त्याच काळात एक माणूस दाराबाहेर पिशवी घेऊन उभा होता असे म्हटले तरी चालेल. आम्हा बायकांना मी दोष देत नाही. बारा माणसांची भांडी राखेने आणि चिंचेने घासणारीला स्टीलचे ताट किती हलके वाटते, हे वस्तुसंग्रहालयात हिंडणाऱ्याला कळायचे नाही. अडकित्ता दिला याचे मला वाईट वाटते. तो गुंड दिला याचे मात्र अजूनही वाटत नाही. भरलेला गुंड कमरेवर घेऊन देवतलावाच्या वाटेने मी घरी आलेली आहे.

आता थोडा हिशेब. १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या संग्रहात १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू झाल्या. चाळीस वर्षांत १५,००० म्हणजे वर्षाला पावणेचारशे, म्हणजे दिवसाला एकाहून थोड्या जास्तच. सणवार नाही, आजारपण नाही, रोज घरात एक जुनी वस्तू येत होती असे समजा. चष्म्याचे दुकान सांभाळून हे एकट्या माणसाने केले असेल हे कोणत्याही बाईला पटणार नाही, आणि ते खरेही नाही. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या.

केळकरांच्या चरित्रात कमलाबाईंचे नाव येते ते बहुधा एका वाक्यात. त्यांनी पतीला मोलाची साथ दिली, असे ते वाक्य असते. वस्तू घेण्यासाठी त्यांचे दागिनेही मोडावे लागले असे सांगतात. हे वाक्य वाचून पुरुषमंडळी मान डोलावून पुढे जातात. मी मात्र तिथे अडले. अहो, १५,००० वस्तू! एकेका वस्तूला वर्षातून एकदा, केवळ एक मिनिट, नुसते फडके मारायचे म्हटले तरी अडीचशे तास झाले. राहत्या घरात हा पसारा. त्यात स्वयंपाक, पाहुणे, सोवळेओवळे, मुलांची आजारपणे. दिवाळीला जिने एका घराची आवराआवर केली आहे, तिला मी काय म्हणते ते कळेल. आणि हे सामान घासूनही चालत नाही. आपण चिंच लावून लख्ख करतो तसे जुन्या पितळेला केले, तर तिच्यावर वर्षांनुवर्षे चढलेला रंग जातो, नक्षी झिजते आणि वस्तूचे वय पुसले जाते. म्हणजे काळी भांडी घरभर आणि ती काळीच ठेवायची! गृहिणीच्या जिवाला याहून मोठी परीक्षा मला सुचत नाही. कमलाबाईंनी ती दिली. सोन्याचे दागिने देऊन दुसऱ्या बायकांचे पितळी करंडे घेतले जाताना त्यांनी पाहिले. त्यांच्या मनात त्या वेळी काय आले असेल, ते आपापल्या मनाने जाणावे.

त्यांच्या वाट्याला आलेले खरे दुःख मात्र वेगळे होते. केळकर दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच गेला. लेकरू गेलेल्या घराबद्दल अधिक काही लिहिणे मला जमत नाही.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नाही आणि मलाही नव्हती. संग्रहालयाचे नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. ते वाचून मला वाटले होते, की हे केळकर कोणी संस्थानिक असतील, राजा ही त्यांची पदवी असेल. संग्रहालयाच्या दारात आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका कुटुंबाची हीच समजूत झाली होती. त्यांच्यातला एक मुलगा हे राजे कोणत्या गावचे म्हणून वडिलांना विचारीत होता आणि वडीलही विचारात पडले होते. हे राजे कोणत्याच गावचे नव्हेत. आपल्याकडे शाळेच्या पटावर मुलाचे नाव घालतात, आधी मुलाचे, मग बापाचे, मग आडनाव, तसे हे नाव आहे. राजा, दिनकररावांचा मुलगा, आडनाव केळकर. ज्या पटावर हे नाव फार काळ राहिले नाही, ते पुण्याच्या एका इमारतीवर राहिले. आयुष्यभर ज्याने कविता अज्ञातवासी म्हणून लिहिल्या, त्याने संग्रहावर नाव घालायची वेळ आली तेव्हाही स्वतःचे नाव फक्त बापाच्या जागी ठेवले.

एवढे कळल्यावर मी त्या मांडणीकडे दुसऱ्या नजरेने पाहू लागले. मुलांची खेळणी आहेत तिथे. लहान हातात मावतील अशा वस्तू आहेत. मी उगाच काही तर्क करीत नाही. वस्तू जमवणे मुलगा जाण्यावर अवलंबून नव्हते, आणि तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण स्वतःच्या हौसेसाठी जमवलेल्या वस्तू जगापुढे मांडाव्यात, त्यांना एका मुलाचे नाव द्यावे, आणि शेवटी त्या देऊनच टाकाव्यात, याच्या मागे ते दुःख आहे असे मला वाटते. हौसेच्या वस्तू माणूस आपल्याजवळ ठेवतो.

१९६२ साली संग्रहालय रीतसर उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६१ मध्ये, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने केळकरांचे भारतीय दिव्यांवरचे इंग्रजी पुस्तक काढले. दिव्यांवर त्यांचा विशेष जीव. आपण समई म्हणतो, निरांजन म्हणतो आणि पुढे जातो. पण लामणदिव्याची साखळी पाहा. लग्नात वरमाय किंवा करवली तो हाती धरून चालते, तेव्हा तेल सांडू नये आणि ज्योत डोलू नये म्हणून ती साखळी किती विचाराने केलेली असते! अशा वस्तूंचा आकार हातात धरणाऱ्या माणसावरून ठरलेला असतो आणि ती धरणारी बहुतेक वेळा बाईच असते. केळकरांच्या संग्रहात फिरताना हे पदोपदी जाणवते. पावशी पायाखाली दाबून बसायची, शेवयांचा साचा दोघींनी मिळून ओढायचा, फणीची एक बाजू दाट तर दुसरी विरळ. मोठमोठ्या इतिहासांतून ज्या बायकांचे नाव नाही, त्यांचे हात मात्र इथे आहेत.

पुढे १९७५ मध्ये केळकरांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. विकला नाही, दिला. बाजारात त्याचे किती पैसे आले असते हा विचार त्यांच्या मनाला शिवला नसेल असे नव्हे. चष्म्याच्या दुकानात रुपया-आण्यांचा हिशेब केलेला माणूस तो. पण वस्तू तुटक तुटक विकल्या गेल्या असत्या तर एक अडकित्ता एका शेठजीच्या दिवाणखान्यात गेला असता आणि दुसरा समुद्रापार. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. संग्रहात आज वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजार पाहणाऱ्यांसाठी मांडलेल्या आहेत. म्हणजे आठातला एक भाग उजेडात आणि सात भाग पेट्यांत. त्या सात भागांचा अज्ञातवास अजून संपलेला नाही.

मी हे सारे वाशीमला परत आल्यावर दुपारच्या बैठकीत सांगितले आणि मग जे झाले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. आधी सगळ्या गप्प होत्या. मग आमच्या शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, की त्यांच्याकडे फुटलेल्या बांगड्यांच्या काचा आहेत, रंगावार लावून ठेवलेल्या, लग्नापासूनच्या. चाळीस वर्षे शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हते. मग दुसऱ्या एकीने सांगितले की ती आगपेट्यांवरची चित्रे चिकटवून ठेवते, वही धान्याच्या कोठीमागे असते, कारण घरातले हसतात. एकीकडे वालाच्या आणि भोपळ्याच्या बिया आहेत, वीस-बावीस तऱ्हेच्या, पुरचुंड्या बांधून, नावे घालून. शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एका भगिनीला जुनी कुलपे उघडण्याचा छंद आहे. बंद पडलेले कुलूप दिसले की तिला राहवत नाही, आणि हे तिने मिस्टरांपासूनही लपवले आहे. स्मरणिका ते वाचणार म्हणून मी नाव लिहीत नाही. ज्या बायकांच्या लोणच्याच्या प्रमाणापासून कर्जापर्यंत सारे मला माहीत, त्यांचे हे मात्र आजवर कानी आले नव्हते. पापड लाटता लाटता आम्ही एकमेकींना सासवांचे जाच सांगितले, नवऱ्यांचे राग सांगितले, आजार सांगितले. स्वतःच्या आवडीची गोष्ट सांगायला मात्र लाज वाटली. दुःख सांगितले तर कोणी हसत नाही, हौस सांगितली तर हसतात, हेच कारण असावे.

माझीही कबुली देते. अडकित्ता गेल्याची चुटपुट लागल्यापासून मी करंडे जमवते. कुंकवाचे, लहान. पुण्याहून आले तेव्हा एक होता, माझ्या आईचा. आता अकरा आहेत. बाजाराच्या दिवशी मोडीच्या दुकानापुढून जाताना माझे पाय हळू होतात, आणि आमच्या घरी वाटते की माझे गुडघे दुखतात. करंडे ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत असतात. हे छापून आल्यावर घरात काय बोलणे होईल याचा मला अंदाज आहे. पण कमलाबाईंनी १५,००० वस्तू सोसल्या, तर आमच्या घराला अकरा सोसायला हरकत नाही.

तर भगिनींनो, वर्धापनदिनी दुपारी मंडळाच्या खोलीत अशा वस्तू मांडायचे ठरले आहे. पैसे नाहीत, बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ज्यांच्याकडे पेटीत, कोठीमागे, माळ्यावर काही असेल त्यांनी सकाळीच आणून द्यावे, आणि पितळेचे असेल तर कृपा करून आदल्या रात्री चिंच लावू नये. वस्तूबरोबर एका चिठ्ठीवर ती काय आहे, कोणाकडून आली आणि कशाला वापरीत, एवढे लिहावे. लिहिता येत नसेल तर मला सांगावे, मी लिहून घेईन. आपले नाव लावायचे नसेल तर लावणार नाही. टेबले मांडायला आणि राखण करायला आमच्या तिघी-चौघी आहेत. माझे अकरा करंडे मी आणणार आहे. त्यांतल्या एकाचे झाकण बसत नाही, ते वेगळे ठेवायचे आहे. आणि कोणाकडे दोन पोपटांचा, चोची जुळणारा पितळी अडकित्ता भांडेवालीकडून किंवा आणखी कोठून आलेला असला तर तोही आणावा. मी तो परत मागणार नाही. एकदा हातात घेऊन बघेन.